बाहेरून सगळे सारखेच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अप्सरा, पूर्णिमा, ध्रुव, कामिनी. ही चार नावं मी पहिल्यांदा एका ओळीत वाचली, तेव्हा मला वाटलं, एखाद्या जुन्या संस्कृत नाटकाची पात्रयादी असावी. मी कवितेतला माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. विज्ञानाशी ओळख दहावीच्या पुस्तकापुरती. नंतर कळलं, की ही चारही अणुभट्ट्यांची नावं आहेत. पहिल्या तीन मुंबईत ट्रॉम्बेच्या, चौथी तामिळनाडूतल्या कल्पाक्कमची.

या चौघींतल्या कामिनीबद्दल मला विशेष कुतूहल वाटलं. 'कल्पाक्कम मिनी' या शब्दांतली अक्षरं जुळवून तिचं नाव झालं. ऑक्टोबर १९९६ मध्ये ती सुरू झाली. थोरियमपासून मिळणारं युरेनियम-२३३ हे तिचं इंधन. तिची शक्ती फक्त ३० किलोवॉट. दहा अश्वशक्तीच्या चार पिठाच्या गिरण्या एकत्र चालवल्या तर जेवढी ताकद लागेल, साधारण तेवढीच. वीज तयार करणं हे तिचं काम नाहीच. धातूच्या आत काय दडलं आहे, ते न्यूट्रॉनच्या झोतात पाहायचं आणि त्याचं छायाचित्र काढायचं, हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. या विद्येला न्यूट्रॉन रेडिओग्राफी म्हणतात. आज मी तिचीच गोष्ट सांगणार आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करावी लागेल.

माझे अब्बा दारूगोळ्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. आम्ही कारखान्याच्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. सकाळी भोंगा झाला, की सायकलींची रांग फाटकाकडे निघायची. अब्बांच्या टेबलावर लहान लहान डेटोनेटर ट्रेमध्ये मांडून यायचे. हाताच्या बोटाएवढी धातूची नळकांडी. गेज लावून त्यांची जाडी-लांबी बघायची, वजन करायचं, तोंड नीट बंद झालं आहे का ते भिंगातून न्याहाळायचं आणि ट्रेच्या कागदावर शिक्का मारायचा. आत दारू सारखी भरली आहे का, मध्ये कुठे पोकळी राहिली आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. फोडून बघितलं तर कळायचं. पण फोडलेलं नग पुन्हा वापरता येत नाही. म्हणून शंभरातले काही उडवून बघायचे आणि ते नीट उडाले, तर उरलेलेही चांगले आहेत असं धरून चालायचं.

मी आठ वर्षांचा असताना, म्हणजे १९७८ च्या सुमाराला, आमच्याच ओळीत राहणाऱ्या एका काकांच्या हातात डेटोनेटर फुटला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. ते काका आम्हा मुलांना पतंगाचा मांजा सुतवून द्यायचे. चौकशी झाली. त्या ट्रेच्या कागदावर अब्बांचा शिक्का होता. गेज बरोबर होतं, वजन बरोबर होतं, कागद बरोबर होता. दोष कोणाचाच निघाला नाही. अब्बांना कोणी बोललं नाही, काकाही कधी बोलले नाहीत. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. अम्मीने विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "बाहर से तो सब एक जैसेच दिखते."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी कामिनीबद्दल वाचताना ते पुन्हा आठवलं.

तुम्ही म्हणाल, त्या काळी क्ष-किरण नव्हते का? होते की. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत वुर्त्सबुर्ग इथे ते शोधून काढले आणि डिसेंबरमध्ये पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. त्यात हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली. मांस मात्र फिकट सावलीसारखं. क्ष-किरणांचा स्वभाव त्या पहिल्या चित्रातच उघड झाला होता. त्यांना अडवतात ते अणूतले इलेक्ट्रॉन. जितका मूलद्रव्याचा अणू जड, तितके त्यात इलेक्ट्रॉन जास्त, तितकी सावली गडद. सोनं, शिसं, पोलाद ठळक दिसतं. तेल, मेण, रबर, दारू जवळजवळ दिसतच नाही. शिशाच्या नळीत स्फोटक वात भरलेली असेल तर क्ष-किरणांच्या चित्रात नळी दिसते, वात दिसत नाही.

इथे आपल्या गोष्टीत न्यूट्रॉन येतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली त्याचा शोध लावला आणि १९३५ साली त्यांना नोबेल मिळालं. या चॅडविक यांची एक हकिगत मला फार आवडते. १९१३ साली ते शिकायला बर्लिनला गेले. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना रूहलेबेनच्या रेसकोर्सवरच्या छावणीत डांबलं गेलं. राहायला घोड्यांचे तबेले. त्या तबेल्यातही त्यांनी प्रयोग चालू ठेवले. तेव्हा जर्मनीत थोरियम घातलेली टूथपेस्ट विकली जात असे. किरणोत्सारी पदार्थ म्हणून त्यांनी तीच वापरली.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो खुशाल निघून जातो आणि थेट अणूच्या केंद्रकावर जाऊन आदळतो. म्हणून त्याच्या लेखी हलकं-जड हा क्रम चालत नाही. काही सेंटिमीटर जाड शिशातून तो पार होतो. पण बोटभर जाडीचं मेण मध्ये आलं तर बहुतेक न्यूट्रॉन तिथेच अडतात, कारण मेणात हायड्रोजन भरपूर असतो. पाणी, तेल, प्लॅस्टिक, डिंक, बहुतेक स्फोटकं या सगळ्यांत हायड्रोजन आहे. म्हणजे क्ष-किरणांना जे दिसतं ते न्यूट्रॉनला बरंचसं पारदर्शक, आणि त्यांना जे दिसत नाही ते याला ठळक. पोलादी कवचातलं तेल आणि शिशाच्या नळीतली वात न्यूट्रॉनच्या चित्रात काळ्या रेघेसारखी उमटते.

हे पहिल्यांदा करून पाहिलं ते बर्लिनमध्येच. हार्टमुट काल्मान आणि त्यांचे सहकारी कून यांनी १९३५ च्या सुमाराला हे काम हाती घेतलं. काल्मान हे कैसर विल्हेल्म संस्थेतले नावाजलेले संशोधक होते. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि ज्यू म्हणून त्यांना संस्थेबाहेर काढण्यात आलं. पुढे आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या आधाराने त्यांचं संशोधन कसंबसं चालू राहिलं. याच कंपनीने पुढे आउश्वित्झच्या कैद्यांना राबवून आपला कारखाना उभारला. इतिहासात एकाच छपराखाली काय काय नांदतं, ते पाहून मन थक्क होतं.

काल्मान यांच्यापाशी अणुभट्टी नव्हती. तेव्हा ती जगातच नव्हती. त्यांच्याकडे होतं एक छोटं कणत्वरक यंत्र. विद्युतभारित कणांना विजेच्या दाबाने वेग द्यायचा आणि ते एका लक्ष्यावर आदळवायचे, म्हणजे त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन फार थोडे असत. एका चित्राला काही तास लागत आणि चित्रही धूसर येई. ओ. पीटर नावाच्या दुसऱ्या संशोधकाने बर्लिनमध्येच अधिक शक्तिशाली त्वरक वापरून तेच काम मिनिटांवर आणलं. मग युद्धाने शहराचे ढिगारे केले. पीटर यांचा निबंध छापून आला १९४६ साली, काल्मान यांचा १९४८ साली. दहा-बारा वर्षं ही विद्या पेटंटच्या कागदांत आणि बाँबच्या धुरात पडून राहिली होती.

युद्धानंतर मात्र दृश्य पालटलं. ठिकठिकाणी अणुभट्ट्या आल्या आणि न्यूट्रॉनांची चणचण संपली. १९५६ साली इंग्लंडमध्ये हार्वेल इथे थ्यूलिस यांनी 'बेपो' या अणुभट्टीच्या झोतात चित्रं घेतली. ती इतकी स्वच्छ होती की लोकांना या विद्येचं महत्त्व पटलं. अमेरिकेत शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत हॅरॉल्ड बर्जर यांनी तिची पद्धतशीर घडी बसवली आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

अणुभट्टीच का लागावी? याचं उत्तर मला एका प्राध्यापक मित्राने गोट्यांनी समजावलं. नुकतेच जन्मलेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात. चित्रासाठी ते मंद करावे लागतात. गोटीवर तेवढ्याच आकाराची गोटी आदळली, तर पहिलीचा वेग दुसरीला मिळतो. मोठ्या धोंड्यावर आदळली तर ती तशीच उडून परत येते. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं, म्हणून पाण्यातून किंवा मेणातून जाताना न्यूट्रॉन लवकर मंदावतो. पण या धक्काबुक्कीत तो कुठल्याही दिशेला भरकटतो. भिंगाने सूर्याची किरणं गोळा करावीत तसे न्यूट्रॉन सहजी गोळा करता येत नाहीत. मग एक लांब नळी ठेवायची आणि तिच्या तोंडातून जे सरळ येतील तेवढेच घ्यायचे. बाकीचे वाया. सभेला गावभर आमंत्रणं द्यावीत आणि चार श्रोते यावेत, असा हा व्यवहार. कविसंमेलनवाल्यांना तो वेगळा सांगायला नको. म्हणून उगम जितका मोठा, तितकं चित्र चांगलं. शिवाय नुसत्या फिल्मवर न्यूट्रॉन उमटत नाही. फिल्मला गॅडोलिनियम धातूचा पातळ पत्रा लावतात. तो न्यूट्रॉन गिळतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि ते फिल्मवर खूण करतात.

१९६० नंतरच्या दशकात अंतराळयानं उडू लागली आणि या विद्येला तिचं खरं गिऱ्हाईक मिळालं. रॉकेटचा एक टप्पा जळून संपला, की तो वेगळा करावा लागतो. माथ्यावरचं कवच उघडावं लागतं. वैमानिकाला विमानातून खुर्चीसकट बाहेर फेकायचं असतं. ही कामं छोट्या, मोजून-मापून भरलेल्या स्फोटकांनी होतात. त्यांना पायरो म्हणतात. त्यांचं आयुष्य एका क्षणाचं. आधी चालवून बघता येत नाही, आणि ऐन वेळी चाललं नाही तर दुसरी संधी नाही. माझ्या अब्बांच्या टेबलावरचीच अडचण ही, फक्त आकाशात नेलेली.

कॅलिफोर्नियात सान रॅमोन इथे एका छोट्या खासगी अणुभट्टीत अनेक वर्षं असे भाग तपासले जात. जेट इंजिनाची पातीही तिथे यायची. या पात्यांच्या पोटात हवा खेळण्यासाठी बारीक वाटा असतात. पातं ओततात तेव्हा त्या वाटांच्या जागी सिरॅमिकचा गाभा ठेवतात आणि नंतर तो विरघळवून काढतात. त्याचा कण जरी आत अडकला तरी हवेची वाट बंद होते, पातं तापतं आणि इंजिन धोक्यात येतं. यावर युक्ती अशी, की पातं गॅडोलिनियमच्या द्रावणात बुडवायचं. उरलेल्या कणांना ते चिकटतं आणि न्यूट्रॉनच्या चित्रात डाग होऊन दिसतं. सॅक्रमेंटोजवळ मॅक्लेलन या हवाई तळावर तर अमेरिकी हवाई दलाने १९९० साली खास याच कामासाठी अणुभट्टी बांधली. विमानाचे पंख न उघडता आतला ओलावा आणि गंज बघायचा, हा तिचा हेतू. २००० साली ती विद्यापीठाच्या ताब्यात गेली.

आपल्याकडे अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. हार्वेलची ती स्वच्छ चित्रं निघाली, तेच हे वर्ष. तिचं नाव पंडित नेहरूंनी ठेवलं. पुढे या अप्सरेच्या झोतात ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रॉनची चित्रं घेतली, अंतराळ कार्यक्रमाचे पायरो तपासले. त्यानंतर ते काम कामिनीकडेही आलं. श्रीहरिकोट्याहून एखादं रॉकेट वर जातं आणि त्याचे टप्पे ठरल्या क्षणी सुटे होतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांतली एक या दोघींना द्यायला हरकत नाही.

पण अणुभट्टी म्हणजे राजवाडा. ती तुमच्या दारी येत नाही, तुम्हालाच तिच्याकडे जावं लागतं. त्यातून अणुभट्टीजवळ स्फोटकं न्यायची म्हणजे परवानग्या, पहारा आणि प्रमाणावर मर्यादा. एवढ्या सायासाने रॉकेटचे भाग तपासले जातात. ट्रे भरभरून निघणारे डेटोनेटर कोण नेणार? शिवाय राजवाडेही म्हातारे होतात. जुनी अप्सरा २००९ साली थांबली. तिच्या जागी नवी अप्सरा सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. सान रॅमोनची अणुभट्टी २०१० साली बंद पडली. ट्रॉम्बेची सायरसही त्याच वर्षाच्या अखेरीला निवृत्त झाली. तपासायच्या वस्तू वाढत गेल्या आणि तपासायच्या जागा कमी होत गेल्या.

तेव्हा लोकांना पुन्हा काल्मान यांची वाट आठवली. अणुभट्टी नको, त्वरक घ्या. फक्त तो पूर्वीपेक्षा कितीतरी ताकदीचा हवा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २००५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स या कंपनीने हे काम नेटाने केलं. जड हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम. त्याच्या कणांना वेग देऊन ते ड्यूटेरियम वायूवरच आदळवायचे. दोन केंद्रकं एकत्र येतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतो. सूर्याच्या पोटात केंद्रकं जुळतात, त्याच जातीची ही क्रिया. पण बटण बंद केलं की झोत थांबतो. अणुभट्टीचं इंधन नाही, साखळी प्रक्रिया नाही. २०१९ साली या कंपनीने फिचबर्ग या गावी न्यूट्रॉन चित्रणाचं केंद्र उघडलं आणि जेट इंजिनाची पाती व स्फोटक भाग तिथे तपासले जाऊ लागले. अमेरिकी लष्कराच्या पिकाटिनी आर्सेनलसाठीही तिने असं यंत्र तयार केलं. जपानमध्ये रिकेन या संस्थेने २०१३ साली 'रान्स' नावाचं यंत्र चालू केलं. त्याची लांबी सुमारे १५ मीटर, म्हणजे एका मोठ्या खोलीत मावणारं. रंगाच्या थराखाली पोलाद कुठे गंजलं आहे, कुठे पाणी मुरलं आहे, ते त्यात दिसतं. पुढची यंत्रं पुलापर्यंत गाडीवरून नेता यावीत, अशा खटपटीत ते शास्त्रज्ञ आहेत.

हे यंत्र सुटकेसमध्ये मावतं असा समज मात्र करून घेऊ नये. त्याच्याभोवती काँक्रीटच्या आणि प्लॅस्टिकच्या जाड भिंती लागतात, कारण न्यूट्रॉन माणसालाही घातक. मोठ्या अणुभट्टीएवढे न्यूट्रॉन त्यातून मिळत नाहीत, म्हणून चित्राला वेळ अधिक लागतो. ही कसर आधुनिक कॅमेऱ्यांनी बरीच भरून काढली आहे. त्यांत फिल्मऐवजी एक पडदा असतो. त्यावर न्यूट्रॉन पडला की प्रकाशाची ठिणगी उमटते आणि कॅमेरा ती टिपतो. या ठिणग्या मोजण्याच्या विद्येतही मोठा वाटा आहे तो काल्मान यांचाच. युद्ध संपल्यावर, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये, १९४७ साली त्यांनी नॅप्थॅलीनच्या खड्यांतून किरणांचा प्रकाश मोजून दाखवला. नॅप्थॅलीन म्हणजे आपण ट्रंकेतल्या कपड्यांत ठेवतो, त्या डांबराच्या गोळ्यांतलं. ज्याला दाराबाहेर काढलं, त्याच्याच दोन कल्पना ऐंशी वर्षांनी एकत्र नांदताहेत.

एक गोष्ट मला लपवायची नाही. हे यंत्र अंतराळयानाचा भाग बघतं, तसाच तोफेचा गोळाही बघतं. निर्दोष गोळा हवा तिथेच फुटतो, आणि तिथे कोण उभं असतं ते यंत्राला दिसत नाही. अब्बांच्या पगारावर मी शिकलो, तेव्हा या प्रश्नावर उंच स्वरात बोलण्याचा अधिकार मला नाही. पण कारखान्याच्या आत, गोळा कुणाकडे रोखला जाण्याच्या कितीतरी आधी, तो हाताळणारे हात असतात. मला ते हात माहीत आहेत. त्यांतल्या एका हाताला दोनच बोटं होती, आणि तरी तो हात सणाला आमच्या घरी शिरखुर्म्याची वाटी धरायचा.

२००४ साली आमच्या गावातल्या महाविद्यालयात एक विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. अब्बांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना घेऊन गेलो. एका फलकावर न्यूट्रॉनची चित्रं लावली होती. शिशाची नळी पुसट, तिच्या आतली स्फोटक वात काळीभोर. अब्बांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग नखाने एका ठिकाणी टकटक केलं. वातीत तिथे केसाएवढी फट होती. माझ्या लक्षातही आली नव्हती.

"ये कब से है?" त्यांनी विचारलं.

मी फलक वाचून सांगितलं, "१९३५ च्या सुमारापासून."

अब्बांचा जन्म १९४० चा. ते काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "तो फिर हमारे यहाँ क्यों नहीं था?"

मी म्हटलं, "अब्बा, त्याला अणुभट्टी लागते."

"भट्टियाँ क्या कम थीं हमारे यहाँ?" असं म्हणून ते हसले. ओतशाळेच्या भट्ट्यांजवळून रोज जाणारा माणूस तो. मीही हसलो. परतताना मात्र ते काकांच्या घरावरून जायचं म्हणाले. काका वारले होते. अब्बा दारात काकींशी दोन शब्द बोलले, तब्येत विचारली आणि निघाले. चित्राबद्दल काही बोलले नाहीत.

आता अब्बाही नाहीत. फिचबर्गच्या त्या केंद्राबद्दल, रिकेनच्या त्या खोलीबद्दल मी वाचतो, तेव्हा त्यांचा प्रश्न मला पुन्हा ऐकू येतो. विद्या जन्माला येणं आणि ती माणसापर्यंत पोचणं, यांत एक आयुष्य निघून जाऊ शकतं. राजवाड्यातलं यंत्र कारखान्याच्या शेडपर्यंत, शिक्का हातात धरून बसलेल्या तपासनिसाच्या टेबलापर्यंत यायला हवं. त्याने शिक्का मारायच्या आधी त्याला आतलं दिसायला हवं. ज्या दिवशी ते होईल, त्या दिवशी आमच्या ओळीतल्या एखाद्या घरात रात्रीचं जेवण वेळेवर होईल.